"सर्व्हर नाही मावशी, पुन्हा बोट लावा": एका खात्यातून गेलेल्या ८,५०० रुपयांचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव-कळंब पट्ट्यातलं एक गाव. कापूस वेचायला जाणाऱ्या ५२ वर्षांच्या एका बाईंच्या जनधन खात्यातून चार महिन्यांत ८,५०० रुपये गेले. ओटीपी कोणी विचारला नाही, लिंक आली नाही, कुठलं अ‍ॅप उतरवलं गेलं नाही. बाईंकडे बटणाचा साधा फोन आहे. प्रत्येक वेळी बोट त्यांचंच होतं, यंत्र मान्यताप्राप्त होतं आणि बँकेच्या नोंदीत प्रत्येक व्यवहार "यशस्वी" होता.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या प्रकारच्या तक्रारींमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका खात्यावर मांडून दाखवलं आहे. रकमा आणि वेळा नमुन्यादाखल आहेत. यंत्रणा कशी चालते, नियम काय आहेत आणि चूक कुठे होते, ते मात्र जसं आहे तसंच आहे. बाईंना इथे मावशी म्हणू, कारण पैसे काढून देणारा पोरगाही त्यांना मावशीच म्हणत होता.

हातापासून सुरुवात

आधी हात बघावे लागतील. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली की पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) वेचणी सुरू होते आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कापूस ओढताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट त्यांवर घासतं, टोचतं. थंडी वाढली की पेरं भेगाळतात, भेगांमध्ये काळा मळ बसतो आणि कातडी जाड होते. बोटावरच्या रेषा या चार महिन्यांत सगळ्यात पुसट असतात.

बोटाचा ठसा ओळखणारं यंत्र रेषा जिथे संपतात आणि जिथे फुटतात ते बिंदू शोधतं. भेग गेली की एक रेष तुटून दोन होतात, म्हणजे नसलेले बिंदू दिसू लागतात आणि असलेले झाकले जातात. आधार काढताना घेतलेल्या ठशाशी मग मेळ बसत नाही आणि उत्तर येतं "३००". आधारच्या यंत्रणेत या क्रमांकाचा अर्थ बोट जुळलं नाही एवढाच. खात्यात पैसे आहेत की नाहीत, इंटरनेट चालू आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मावशींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. रेशन दुकानात दोनदा लावा, पैसे काढताना तीनदा लावा, ई-केवायसीला चारदा लावा, असंच त्यांनी पाहिलेलं. "मशीन घेऊन नाही राह्यलं" हे वाक्य गावात इतकं रोजचं झालं आहे की पुन्हा बोट मागितलं तर "काऊन" असं कुणी विचारत नाही. सगळी चोरी या सवयीत लपली. यंत्र खरोखरच नापास होत असल्यामुळे खोटं नापास ओळखू येत नाही.

बोट लावल्यावर पैसे कसे निघतात

गावात एटीएम नाही. बँकेची शाखा तालुक्याला, १४ किलोमीटरवर. गावातच किराणा आणि झेरॉक्सच्या दुकानात बसणारा पोरगा बोटावर पैसे काढून देतो. ही सोय आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टीमची, म्हणजे एईपीएसची. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. व्यवहाराला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, १२ आकडी आधार क्रमांक आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहारात जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात.

एजंटाच्या फोनला वायरने जोडलेलं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, लाल उजेड देणारं ठशाचं यंत्र असतं. एजंट अ‍ॅपमध्ये "रोख काढणे", "शिल्लक पाहणे", "मिनी स्टेटमेंट" यांपैकी एक निवडतो, आधार क्रमांक आणि रक्कम टाकतो आणि यंत्र पुढे करतो. ठसा यंत्रातच वेळेच्या शिक्क्यासह कुलूपबंद होतो. तो एजंटाच्या बँकेकडून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, तिथून आधार प्राधिकरणाकडे पडताळणीला आणि मग खातेदाराच्या बँकेकडे जातो. सगळीकडून होकार आला की खात्यातून रक्कम वजा होऊन एजंटाच्या खात्यात जमा होते. एजंट आपल्या गल्ल्यातली रोकड ग्राहकाच्या हातात देतो.

या साखळीतल्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

एकदा लावलेला ठसा दुसऱ्या व्यवहाराला वापरता येत नाही. मान्यताप्राप्त यंत्र प्रत्येक व्यवहाराला नवा ठसा मागतं. त्यामुळे दोनदा पैसे काढायचे तर ग्राहकाकडून दोनदा बोट लावून घ्यावंच लागतं, आणि त्यासाठी काहीतरी कारण सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट पडद्याची. रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार दिसतो तो पडदा एजंटाकडे असतो. ग्राहकासमोर असते फक्त काच. बोट लावणाऱ्याला आपण कशाला होकार देतोय ते दिसत नाही. यंत्रणा इतकंच सिद्ध करते की या माणसाचं बोट इथे होतं. पंधराशेला संमती होती की तीन हजाराला, नुसती शिल्लक बघायला होती की पैसे काढायला, याचं उत्तर त्या ठशात नसतं. पुढे बँकेशी सगळा वाद याच मुद्द्यावर झाला.

पाच महिने

ऑक्टोबरच्या सुरुवातीला खात्यात ११,२०० रुपये होते. त्यातले ९,००० दोन बकऱ्या विकून भरलेले, बाकी आधीची शिल्लक. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महिन्याला येत होते. हप्ते कधी मागेपुढे होतात, इथे हिशेबासाठी महिन्याला एक धरला आहे.

ऑक्टोबरमध्ये मावशी १,५०० काढायला गेल्या. पहिल्यांदा बोट खरंच जुळलं नाही. दुसऱ्यांदा जुळलं आणि पैसे वजा झाले. पोरगा म्हणाला, "सर्व्हर नाही मावशी. आणखी एक डाव लावा." त्यांनी तिसऱ्यांदा लावलं, तेही जुळलं. १,५०० पुन्हा वजा झाले. हातात आले १,५०० एकदाच. पावती नाही. "कागद संपला."

नोव्हेंबरमध्ये तेच, १,५००. डिसेंबरमध्ये घरात लग्न होतं, ३,००० काढले, वजा झाले ६,०००. जानेवारीत मावशी पैसे काढायला गेल्याच नव्हत्या, शिल्लक किती ते विचारायला गेल्या होत्या. पोरग्याने बोट घेतलं आणि सांगितलं, "अकरा हजारावर आहे." मावशींच्या हिशेबाने ११,२०० असायला हवे होते, त्यामुळे आकडा पटला. खात्यात तेव्हा ५,२०० होते, आणि त्याच बोटावर २,५०० निघाले.

हा पोरगा मावशींच्या मनातला आकडा ओळखून होता. किती आले, किती काढले, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं. हॅकरला हे जमणार नाही. रोज "मावशी, जेवल्या का" विचारणाऱ्याला जमतं.

फेब्रुवारीत नातीच्या शिकवणीसाठी ५,००० हवे होते. यंत्राने नकार दिला, रक्कम पुरेशी नाही. "काऊन गा, मागच्या डावी तं अकरा हजार सांगतले होते?" पोरगा म्हणाला, बँकेने चार्ज कापला असेल. इथे तो चुकला. सात-आठ हजारांचा चार्ज कुणाच्याच पचनी पडत नाही.

पासबुक

बारावीतला भाचा मावशींना घेऊन शाखेत गेला. पासबुक १४ महिने छापलेलं नव्हतं. छापून आल्यावर त्याने एका बाजूला आलेले पैसे लिहिले, दुसऱ्या बाजूला मावशींना आठवतात ते काढलेले. आले: ११,२०० आणि पाच हप्त्यांचे ७,५००, मिळून १८,७००. काढले: १,५००, १,५०० आणि ३,०००, मिळून ६,०००. उरायला हवे होते १२,७००, होते ४,२००. व्याजाचे किरकोळ रुपये सोडले तर फरक ८,५००.

एसएमएस का आले नाहीत, हे तिथेच उलगडलं. खात्याला जोडलेला नंबर मावशींच्या मुलाचा जुना होता. रिचार्ज न केल्याने तो बंद पडला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, तसा तो गेला होता. मावशींच्या खात्याचे संदेश कुणा अनोळखी माणसाकडे जात होते. त्याने ते पुसून टाकले असतील तर त्यात त्याचा दोष नाही.

इथे एक गैरसमज सगळीकडे आहे. बँकेला दिलेला नंबर आणि आधारला जोडलेला नंबर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक बदलला की दुसरा आपोआप बदलत नाही. बँकेचा नंबर शाखेत अर्ज देऊन बदलतो, आधारचा नंबर आधार केंद्रावर बोट किंवा डोळा देऊन. ऑक्टोबर २०२५ पासून त्याला ७५ रुपये लागतात. मावशींचे दोन्ही नंबर जुनेच होते.

आधारचा नंबर बदलल्यावर मायआधार संकेतस्थळावरून पडताळणीचा इतिहास काढता आला. मागच्या सहा महिन्यांत आधारवर कधी, कशाने आणि कोणत्या संस्थेने ओळख मागितली, जुळली की नाही आणि नसेल तर नकाराचा क्रमांक कोणता, हे त्यात असतं. सहा महिन्यांपलीकडचं मिळत नाही, म्हणून संशय आला की हे काम पहिल्या आठवड्यातच करावं. ऑक्टोबरच्या त्या दिवसाच्या नोंदी अशा होत्या:

११:४२ बोट, अयशस्वी, ३००
११:४३ बोट, यशस्वी
११:४६ बोट, यशस्वी

पासबुकात त्याच दिवशी १,५०० चे दोन व्यवहार. "सर्व्हर नाही" म्हणून तिसऱ्यांदा बोट घेतलं त्याआधीच दुसरा ठसा पास झाला होता आणि पैसे गेले होते. तीन ओळींत सगळं उघड झालं.

खरं नापास आणि खोटं नापास

खात्यातून पैसे गेले पण एजंटाकडे होकार पोचला नाही, असं खरंही होतं. पावसाळ्यात टॉवर डळमळतो तेव्हा तर होतंच. म्हणून प्रत्येक दुहेरी नोंद पाहून एजंटाला चोर ठरवणं अन्यायाचं होईल. फरक ओळखायची खूण आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे असा अर्धवट व्यवहार झाला तर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे खऱ्या बिघाडात पासबुकात वजा आणि त्यानंतर काही दिवसांत जमा अशी जोडी दिसते.

मावशींच्या एकाही व्यवहाराची रक्कम परत आलेली नव्हती. पैसे एजंटाकडे पोचले होते, एवढं यावरून नक्की झालं.

शाखेत काय घडलं

पहिल्या भेटीत काउंटरवरून उत्तर मिळालं, "बोट तुमचंच आहे ना? मग व्यवहार तुमचाच." बहुतेक लोक इथूनच घरी परततात.

दुसऱ्या भेटीत भाच्याने लेखी अर्ज नेला. अर्जात प्रत्येक वादग्रस्त व्यवहाराची तारीख, रक्कम आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक होता. हा क्रमांक, ज्याला आरआरएन म्हणतात, पासबुकात किंवा शाखेतून काढलेल्या खातेउताऱ्यात सापडतो. पासबुकात ओळ कापली गेली असेल तर उतारा मागावा. अर्जात चार मागण्या होत्या: हे व्यवहार कोणत्या बँकेच्या, कोणत्या एजंटाच्या आयडीवरून आणि कोणत्या ठिकाणाहून झाले ते लेखी कळवा, त्या बँकेकडे वाद दाखल करा, वादग्रस्त रक्कम नियमाप्रमाणे खात्यात तात्पुरती जमा करा, आणि या खात्यावरचे एईपीएस व्यवहार आजपासून बंद करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेची पोच घेतली. ही पोच नसेल तर पुढे कुठेही गेलात तरी "तुम्ही कळवलंच नाही" हे ऐकावं लागतं.

आठवड्याभरात जे कळलं त्याने प्रकरणाची दिशा बदलली. मावशींना रोकड मिळालेले तीन व्यवहार शाखेच्या स्वतःच्या बँक मित्राच्या, म्हणजे बँकेने गावात नेमलेल्या प्रतिनिधीच्या, आयडीवरून झाले होते. जास्तीचे चारही दुसऱ्याच बँकेमार्फत, एका खासगी अ‍ॅपच्या आयडीवरून. दुकान तेच, फोन तोच, ठशाचं यंत्र तेच. अ‍ॅप मात्र दोन. एका फोनवर असे तीन-चार अ‍ॅप ठेवणं नवीन नाही, कारण प्रत्येकाचं कमिशन वेगळं असतं. शाखा व्यवस्थापक त्यांच्या बँक मित्राच्या नोंदी बघून "इथे काही गडबड नाही" म्हणत होते, तेही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या पडद्यावर चोरी दिसणारच नव्हती. खासगी अ‍ॅपची आयडी त्या पोरग्याच्या नावावरही नव्हती, दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाच्या तरी कागदपत्रांवर काढलेली होती.

भाड्याने फिरणाऱ्या अशा आयडींवर रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये निर्देश काढले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एजंटाला जोडून घेणाऱ्या बँकेने त्याची नीट पडताळणी करायची, सलग तीन महिने व्यवहार नसेल तर पुन्हा केवायसी केल्याशिवाय आयडी चालू करायची नाही, त्याच्या व्यवहारांवर नजर ठेवायची. म्हणजे आता खातेदाराच्या बँकेबरोबर एजंटाच्या बँकेलाही जाब विचारता येतो. अर्जात या निर्देशांचा उल्लेख करावा. काउंटरवरचा सूर त्याने बदलतो.

"बोट तुमचंच" याचं उत्तर

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेला नियम इथे कामी येतो. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे तो ठरवतो. बँकेच्या बाजूच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, कळवायला कितीही दिवस लागलेले असोत. तिसऱ्याच कुणामुळे झालं असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर जनधनसारख्या मूलभूत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंतची झळ. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. शिवाय ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे.

यातले दोन शब्द मावशींच्या बाजूचे आहेत: "संदेश मिळाल्यापासून". संदेश मिळालाच नसेल तर तीन दिवस कधी सुरू झाले? बँक म्हणते, नंबर तुम्ही बदलला नाही. या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारून चालत नाही. म्हणून अर्जात पहिला जोर एजंटावर द्यावा. बँकेच्या वतीने बसलेल्या प्रतिनिधीच्या कृत्यांची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेची असते, हे रिझर्व्ह बँकेने बँक मित्रांबाबत पूर्वीच स्पष्ट केलं आहे. ग्राहकाने बोट दिलं ते १,५०० साठी. दुसरे १,५०० बँकेच्या प्रतिनिधीने फसवून काढले. अशी मांडणी केली की "बोट तुमचंच" हे वाक्य उत्तर म्हणून पुरत नाही.

पोलिसात तक्रार त्याच आठवड्यात दिली. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक पैसे अजून कुठल्या तरी खात्यात अडवता येत असतील तेव्हा सगळ्यात उपयोगी, म्हणजे पहिल्या काही तासांत. इथे रोकड केव्हाच निघून गेली होती. तरीही तिथे किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद करून क्रमांक घ्यावा, बँक तो मागते. हद्दीचं कारण सांगून ठाणेदार टोलवत असतील तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. कलमं म्हणून फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आणि दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरण्याचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-सी अशा प्रकरणात लागतात.

नकली बोट होतं का?

गावात चर्चा तीच होती. कुणीतरी मोबाईलवर रबरी बोटाचा व्हिडिओ पाहिला होता. असं घडतं, खोटं नाही. २०१८ मध्ये शेजारच्या तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नाही हे तपासणारी जादा पायरी आणली, तीही अशाच प्रकारांमुळे.

मावशींच्या प्रकरणात तो संशय टिकला नाही, आणि तो लवकर बाजूला ठेवणं महत्त्वाचं होतं. चारही जास्तीच्या व्यवहारांच्या दिवशी मावशी त्या दुकानात स्वतः गेल्या होत्या, आणि पहिल्या तीन वेळी जास्तीचा व्यवहार खऱ्या व्यवहारानंतर चार मिनिटांच्या आत झाला होता. नकली बोट असणाऱ्याला मावशींची वाट बघायची गरज नव्हती. व्यवहाराच्या दिवशी माणूस तिथे होता की नव्हता, हा एक प्रश्न सोडवला की पुढचा तपास कुठे करायचा ते कळतं. मावशी त्या दिवशी वावरात असत्या तर झेरॉक्सच्या दुकानात पडलेल्या कागदांकडे बघावं लागलं असतं. त्या दुकानात ते होतेही: आधारच्या प्रतींचा गठ्ठा आणि आधार क्रमांक, बँक, नाव लिहिलेली २०० पानी वही. लाडकी बहीणचे अर्ज भरताना गोळा झालेलं सगळं तसंच पडून होतं. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मायआधारवरून मोफत काढता येतं.

काय बंद केलं आणि त्याची किंमत

मावशींनी तीन गोष्टी केल्या. दोन्ही नंबर बदलून सुनेचा चालू नंबर लावला. खात्यावरचे एईपीएस व्यवहार लेखी अर्जाने बंद करून घेतले; बऱ्याच बँका अर्जावर हे करून देतात. आणि सुनेच्या फोनवरून आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावलं.

पहिला प्रश्न सगळ्या बायकांनी विचारला: "मग हप्ता येईन का?" येतो. सरकारी पैसे येण्याचा रस्ता वेगळा आहे. खात्याला आधार जोडलेला असला की पैसे जमा होतात, त्याला बोट लागत नाही. एईपीएस बंद केल्याने किंवा बायोमेट्रिक लॉक केल्याने जमा थांबत नाही. खात्यातून आधारच काढून टाकला तर मात्र हप्ता अडतो. घाबरून लोक हीच चूक करतात.

लॉकचा त्रास रेशन दुकानात होतो. लॉक असताना बोट लावलं की उत्तर येतं "३३०", बायोमेट्रिक कुलूपबंद. दुकानदाराला याचा अर्थ ठाऊक नसतो आणि तो "आधार बंद पडलं" म्हणून परत पाठवतो. अ‍ॅपमधून तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांत ते आपोआप पुन्हा बंद होतं. पण दुकानात रेंज नसेल तर खोळंबा. सोपी वाट अशी की रेशनकार्डावरच्या दुसऱ्या सदस्याने बोट द्यावं. मावशींच्या घरी आता रेशन मुलगा आणतो.

ज्यांना बोटावरच पैसे काढावे लागतात, त्यांच्यासाठी वेचणीच्या दिवसांत थोडा फरक पाडता येतो. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठाच द्यायची सक्ती नाही. कापूस ओढताना कमी घासली जाणारी अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट आधी द्यावं. बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करावं, काचही पुसायला सांगावी. वर्षानुवर्षं जुळतच नसेल तर आधार केंद्रावर ठसे नव्याने देता येतात, १२५ रुपये लागतात. ते काम वेचणी संपून हात भरून आल्यावर, उन्हाळ्यात करावं, नाहीतर फाटलेल्या बोटांचेच ठसे नोंदले जातील. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२५ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय सुरू केली आहे, ज्यांची बोटं कामाने गेली आहेत त्यांना ती खरी उपयोगाची.

आणि "सर्व्हर नाही" असं ऐकलं तर दुसऱ्यांदा बोट देण्याआधी नापास झाल्याचा पडदा दाखवायला सांगावा. वाचता येत नसेल तर सोबतच्याने फोटो काढावा. खरा एजंट दाखवतो, त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. गावोगावी प्रामाणिकपणे ही सेवा देणारे आहेत आणि त्यांच्याशिवाय म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील, हेही तितकंच खरं.

पैसे परत आले का

शाखेतून चौकशी सुरू झाल्याचं कळताच पोरग्याचे वडील सरपंचांना घेऊन मावशींच्या घरी आले. ६,००० रुपये रोख पुढे ठेवले आणि एक कागद: "माझी काही तक्रार नाही." भाच्याने तो बदलून लिहिला. अमुक तारखेच्या तीन व्यवहारांचे ६,००० मिळाले, बाकीच्या एका व्यवहाराबाबत तक्रार कायम. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. "काही तक्रार नाही" असा कागद बँकेकडे पोचला असता तर सगळं प्रकरण तिथेच बंद झालं असतं, आणि त्या वहीत नाव असलेल्या इतर बायकांचं बळही गेलं असतं. पुढच्या पंधरा दिवसांत गावातल्या पासबुकांचा एक ढीग तालुक्याला छापायला गेला.

उरले जानेवारीचे २,५००. हे सगळ्यात अवघड आहेत. दुहेरी व्यवहारात दोन यशस्वी नोंदी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि स्वतःच बोलतात. जानेवारीत एकच बोट, एकच नोंद, एकच रक्कम. मावशी म्हणतात शिल्लक विचारली. नोंद म्हणते पैसे काढले. पावती नाही, साक्षीदार नाही. एजंटाच्या बँकेने व्यवहार योग्य असल्याचं कळवलं. मावशींच्या बँकेला दिलेल्या अर्जाला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्याने तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेली. त्याला फी नाही, ऑनलाइन जमत नसेल तर १४४४८ वर माहिती मिळते. त्या अर्जातला मुख्य मुद्दा पासबुकातूनच घेतला आहे: जानेवारीचे २,५०० त्याच खासगी आयडीवरून गेले, जिच्यावरून आधीचे तीन फसवे व्यवहार झाले आणि ज्यांचे पैसे परत करण्यात आले. निर्णय अजून यायचा आहे.

मावशी आता रुपे कार्ड वापरतात. पिन सुनेने दोनदा बदलून दिला, कारण पहिल्यांदा तो कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवला होता. पैसे काढायला तालुक्याला जावं लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सकाळची गाडी चुकली तर काळी-पिवळी, आणि त्या दिवसाची वेचणी बुडते.